स्मूदी कडू का होते आणि मसाला कधी घालायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पिकलेला आंबा, ताजं अननस, केळं, गार दूध, दोन चमचे मध, अर्धा चमचा हळद, मिरपूड आणि दालचिनी हे सगळं एकदम मिक्सरला लावलं. पहिला घोट छान लागला, पण दहा-पंधरा मिनिटांत पेला कडवट झाला. वर फेस जमला, खाली पाणी सुटलं आणि हळदीचा कच्चा वास शेवटपर्यंत राहिला. ही स्मूदी पौष्टिक आणि चवदार कशी करायची? घरात वडिलांना मधुमेह आहे, त्यांना चालेल का?

आधी कडूपणाचं बघू. त्यात हळदीचा हात थोडा आहे, पण खरं कारण अननस. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं. ते प्रथिनं तोडतं. दुधातलं केसिन हे प्रथिन तुटलं की जे बारीक तुकडे पडतात, त्यातले बरेच चवीला कडू असतात. एन्झाइमला काम करायला वेळ लागतो, म्हणून मिक्सरमधून काढल्या काढल्या अननस-दूध गोड लागतं आणि गप्पा मारत प्यायलं की तोंड वाकडं होतं. दूध फाटून पाणी वेगळं होतं ते याच्यामुळे आणि अननसाच्या आंबटपणामुळे. दूध काढून दही घातलं तरी प्रकार तोच. किवीतही असंच एन्झाइम असतं. कच्च्या पपईच्या चिकात पपेन असतं आणि त्याच्याच जोरावर आपण मटणाला पपई चोळून ठेवतो. पूर्ण पिकलेल्या पपईत ते फारच कमी उरतं, त्यामुळे पिकलेली पपई दह्याबरोबर सहसा त्रास देत नाही.

आल्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. ताज्या आल्यातही प्रथिनं तोडणारं एन्झाइम आहे. चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात आल्याच्या रसावर गरम दूध ओततात आणि विरजण न लावता काही मिनिटांत दूध खरवसासारखं बसतं, ते याच एन्झाइममुळे. तेव्हा दुधाच्या किंवा दह्याच्या स्मूदीत ताजं आलं किसून घातलं आणि ती तासभर ठेवली, तर चव बदलणारच. आपल्याकडे आमरसात सुंठ घालायची पद्धत आहे, आलं नाही. ज्यांनी ती पाडली त्यांना एन्झाइम ठाऊक असण्याचं कारण नाही, पण जीभ शाबूत होती.

अननस फ्रीजरमध्ये ठेवून हा प्रश्न सुटत नाही. गारठ्यात एन्झाइम नुसतं झोपतं, वितळलं की पुन्हा कामाला लागतं. ते मरतं उष्णतेनं. अननसाच्या फोडी झाकण ठेवून पाच-सात मिनिटं त्यांच्याच रसात खदखदू दिल्या की काम झालं. डब्यातल्या अननसाचा हा त्रास नसतो, कारण डबाबंद करताना ते तापवलेलंच असतं. पण ते बहुधा साखरेच्या पाकात असतं, म्हणून पाक ओतून टाकून नुसत्या फोडी घ्या. शिजवल्यावर थोडं क जीवनसत्त्व जातं हे खरं. आंबा आणि वरून पिळलेलं लिंबू ते बऱ्यापैकी भरून काढतात, त्यामुळे त्याची चिंता करू नका.

आता हळदीच्या कच्च्या वासाकडे येऊ. मसाला कधी घालायचा, हा प्रश्नही तिथेच सुटतो. आपण भाजीत कच्ची हळद वरून कधी भुरभुरतो का? ती फोडणीत जाते, तेलात क्षणभर तळली जाते, मग तिचा मातकट वास जातो आणि रंग-स्वाद उतरतो. हळद, मिरी, दालचिनी, सुंठ यांचे सुगंधी आणि रंगाचे घटक पाण्यात जवळजवळ उतरत नाहीत, तुपा-तेलात उतरतात. गार दुधात पूड टाकून फिरवली की ती नुसती तरंगते, पेल्याच्या कडेला चिकटते आणि शेवटच्या घोटाला सगळी एकदम घशात येते. रोजच्या स्वयंपाकात हा नियम पाळणारे आपण स्मूदीच्या वेळी विसरतो, कारण स्मूदी हा 'गार' पदार्थ असं डोक्यात बसलेलं असतं.

म्हणून माझी पद्धत अशी: मसाला आणि अननस एकाच कढल्यात, एकाच आचेवर, बाकी फळं लावायच्या आधी. अर्धा चमचा तूप किंवा खोबरेल मंद आचेवर गरम करायचं. त्यात पाव चमचा हळद, चिमूटभर दालचिनी, पाव चमचा सुंठ आणि ताजी भरडलेली मिरी घालून पंधरा-वीस सेकंद हलवायचं. हळद लगेच करपते आणि करपलेली हळद कशानंही झाकली जात नाही, म्हणून आच खरंच मंद हवी. वास बदलला की अननसाच्या फोडी आणि मिठाची एक चिमूट टाकायची, झाकण ठेवायचं. अननसाला पाणी सुटतं, त्यातच तो शिजतो. पाच-सात मिनिटांनी झाकण काढून रस थोडा आटू द्यायचा. फोडींच्या कडा किंचित तांबूस झाल्या तर उत्तम. एन्झाइम संपलं, मसाला फुलला, अननसाचा चरचरीतपणा गेला आणि गोडी वाढल्यासारखी लागते, त्यामुळे मधाची गरजही कमी झाली. हे पूर्ण गार करून, जमल्यास तासभर फ्रीजमध्ये ठेवून मग वापरायचं. आदल्या रात्री करून ठेवलं तर सकाळी पाच मिनिटांचं काम उरतं. दोन-तीन दिवस ते फ्रीजमध्ये चांगलं राहतं.

प्रमाण सांगतो. तिघांसाठी, म्हणजे साधारण अर्धा लिटर स्मूदीसाठी: अननसाच्या फोडी १२० ग्रॅम (मध्यम वाटीभर), आंब्याचा गर १५० ग्रॅम, अर्धं केळं, दही १०० ग्रॅम, नारळाचं घट्ट दूध ६० मिलिलिटर, हवं तसं पन्नासेक मिलिलिटर गार पाणी, दोन वेलदोड्यांचे दाणे, अर्ध्या लिंबाचा रस. मसाल्याचं माप वर दिलंच आहे. मिरी पाच-सहा दाणे. साखर, मध, गूळ, खजूर काही नाही. अननस शिजलेला असल्यामुळे दही घालायला आता हरकत नाही. दही आंबट असू नये. मी ते अर्धा तास फडक्यात टांगून घेतो, म्हणजे पाणी निघून जातं आणि स्मूदीला अंग येतं.

नारळाच्या दुधाबद्दल दोन शब्द. त्यात प्रथिनं गाईच्या दुधापेक्षा बरीच कमी, त्यामुळे घाईत कच्चं अननस वापरायचंच असेल तर दूध-दह्याऐवजी नुसतं नारळाचं दूध घ्या, कडूपणा फारसा जाणवत नाही. शिवाय त्यातली चरबी मसाल्याला धरून ठेवते. सोलकढी करणाऱ्या घरांना नारळाचं दूध आणि आंबट यांची जोडी नवी नाही. घरी काढायचं तर ओलं खोबरं कोमट पाण्यात वाटून पहिलं दूध पिळा. उकळतं पाणी नको आणि अगदी गारही नको, गार पाण्यात तूपट भाग नीट सुटत नाही. डब्यातलं वापरलं तर आधी हलवून घ्या. मात्र चरबी ही चरबी आहे: ६० मिलिलिटर घट्ट दुधात सव्वाशेच्या आसपास कॅलरी येतात. 'नारळ आहे, म्हणजे पौष्टिकच' असं म्हणून वाटीभर ओतू नका.

आंबा कोणता, हा प्रश्न विचारला नाहीत, पण तो महत्त्वाचा आहे. माझं स्पष्ट मत: चांगला हापूस मसाला स्मूदीत घालू नये. त्याचा स्वतःचा दरवळ दालचिनी-सुंठेखाली दबतो, आणि त्या किमतीत तो नुसता कापून खाणंच बरं. या कामाला पायरी उत्तम. रसाळ असतो, थोडी आंबट झाक असते आणि मसाला पेलतो. केसर चालतो. लालबाग किंवा तोतापुरीही चालतो. डब्यातला रस बराचसा तोतापुरीचा असतो. हापूसच वापरायचा असेल तर डागाळलेला किंवा जरा जास्त पिकलेला घ्या, पण कापून बघा. आत साका असेल, म्हणजे बाठ्याभोवती पांढरट, आंबूस, रबरासारखा भाग असेल, तर तो काढून टाका. एवढासा साका सगळ्या भांड्याची चव बिघडवतो. आंबे कापण्याआधी अर्धा तास पाण्यात ठेवून देठाकडचा चीक पुसायचा, हे घरोघरी करतातच.

अननस पिवळं दिसतं म्हणून पिकलेलं असेलच असं नाही. बुडाशी नाक लावून बघा. तिथे गोड वास आला पाहिजे. तोडल्यानंतर अननसाची गोडी वाढत नाही, फक्त रंग बदलतो आणि फळ मऊ पडतं. केरळातल्या वाळकुळमच्या अननसाला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते मॉरिशस जातीचं फळ लहान आणि गोड असतं. केळं ठिपके पडलेलं घ्या. पिकताना केळ्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून कच्चट केळ्यानं स्मूदी चिकट आणि तुरट होते. पण केळं अर्धंच. अख्खं घातलं की स्मूदी केळ्याचीच लागते, बाकीच्या फळांचं नावही राहत नाही. वेलची केळी मिळाली तर ती दोन घ्या, त्यांचा वास वेगळाच.

केळ्याबाबत आणखी एक गोष्ट, स्मूदीत कोको किंवा बेरी घालणाऱ्यांसाठी. केळं कापल्यावर काळं पडतं ते पॉलिफेनॉल ऑक्सिडेज या एन्झाइममुळे. कोको-बेरीतले फ्लॅव्हॅनॉल नावाचे गुणकारी मानले जाणारे घटकही ते मोडतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात केळ्याच्या स्मूदीबरोबर घेतलेले फ्लॅव्हॅनॉल रक्तात फार कमी पोचले. नुसत्या गोळीतून घेतलेल्यांच्या तुलनेत ८४ टक्के कमी. आंबा-अननसाच्या स्मूदीत याची काळजी नाही, कारण फ्लॅव्हॅनॉलसाठी आपण ती पीतच नाही. पण कोको पावडर घालून 'अँटिऑक्सिडंट स्मूदी' करायची असेल तर केळं टाळा. दाटपणासाठी दही किंवा भिजवलेले काजू वापरा.

आता मसाल्यांच्या औषधी गुणांबद्दल. हळद आणि मिरी एकत्र घ्यावी असं सगळीकडे सांगितलं जातं, त्याच्या मुळाशी बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातला १९९८ चा एक अभ्यास आहे. त्यात काही निरोगी माणसांना हळदीतलं मुख्य द्रव्य कर्क्युमिन २ ग्रॅम दिलं, आणि त्याबरोबर मिरीतलं तिखट द्रव्य पायपरीन २० मिलिग्रॅम दिल्यावर कर्क्युमिनचं शोषण सुमारे २० पट वाढलेलं दिसलं. हे खरं आहे. पण आकडे नीट वाचा. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के. पाव चमचा म्हणजे पाऊण ग्रॅम हळद, त्यात कर्क्युमिन २०-२५ मिलिग्रॅम. अभ्यासातला डोस याच्या ऐंशी-शंभर पट. त्यातही ही हळद तीन पेल्यांत वाटली जाते. तेव्हा हळद चवीसाठी, रंगासाठी, रोजच्या जेवणातला एक चांगला पदार्थ म्हणून घाला. सांधेदुखी बरी होईल म्हणून चमचाभर घातलीत तर स्मूदी वाया जाईल आणि सांधे होते तिथेच राहतील.

पायपरीन काही औषधांचं शोषणही वाढवतं, हेही लक्षात असू द्या. जेवणातल्या मिरीनं सहसा काही होत नाही. पण फिट्सची औषधं किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर रोज हळद-मिरी-आल्याचे 'शॉट' घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. हळद आणि आलं दोन्ही रक्त गोठण्याच्या क्रियेवर परिणाम करू शकतात.

दालचिनीत तर दोन झाडांचा घोळ आहे. बाजारात दालचिनी म्हणून जे जाड, कडक, एकच पापुद्रा वळलेलं साल मिळतं ते बहुतेक वेळा कॅसिया असतं. खरी सिलोन दालचिनी पातळ, ठिसूळ, अनेक पापुद्रे एकात एक गुंडाळल्यासारखी दिसते आणि बोटांनी चुरडते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं याच खऱ्या दालचिनीची 'कोकण तेज' ही जात काढली आहे, आणि कोकणातल्या बागांमधून ती मिळू शकते. कॅसियात कुमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं आणि ते सतत जास्त गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ मिलिग्रॅम ठरवली आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. कॅसियाची एक चमचा पूड एवढी मर्यादा सहज ओलांडू शकते. आठवड्यातून दोनदा चिमूटभर घातली तर काही बिघडत नाही. साखर उतरते म्हणून रोज चमचा-चमचा खाणाऱ्यांनी मात्र आपली दालचिनी कोणती आहे ते बघावं.

जायफळ सहाणेवर दोन-तीन वेढे उगाळा, बास. त्याची पूड चमच्यानं घालायची नसते. चव कडू होते आणि जास्त प्रमाणात ते खरोखर विषारी आहे. वेलदोडा तापवायची गरज नाही, त्याचा सुगंध उडून जातो, म्हणून तो मिक्सरमध्ये शेवटी. लवंग घालायची तर एकच, अननसाबरोबर कढल्यात, आणि वाटायच्या आधी काढून टाकायची. वाटली गेली तर जीभ बधिर होते. चक्रीफूल अननसाशी फार सुंदर जमतं, तेही असंच घालून काढायचं. बडीशेप भाजून पूड केली तर आंब्याशी छान लागते, हे थोड्यांना ठाऊक असतं.

मिक्सरबद्दल सांगायलाच हवं, कारण अर्ध्या तक्रारी तिथल्या असतात. आपला घरचा मिक्सर मुळात इडलीचं पीठ आणि चटणी वाटायला बनलेला आहे, बर्फ फोडायला नाही. आधी दही आणि नारळाचं दूध, मग केळं आणि आंब्याचा गर, मग गार अननस त्याच्या रसासकट, सर्वांत वर गोठवलेले तुकडे असतील तर ते. पात्याला आधी पातळ मिळालं पाहिजे, नाहीतर ते हवेत फिरत राहतं आणि मोटर तापते. भांडं दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका. उलट्या बाजूला बटण फिरवून चार-पाच झटके द्या, मग हळू वेगावर तीस-चाळीस सेकंद. फार वेळ जोरात फिरवलं की हवा कोंडते, फेस येतो आणि स्मूदी गरम होते. तुमच्या पेल्यावरचा फेस बराचसा यामुळे होता. गोठलेली फळं दगडासारखी असतील तर आधी दहा मिनिटं बाहेर ठेवा. मिक्सर मध्येच बंद पडला तर घाबरू नका. बऱ्याच मिक्सरना तळाशी लाल बटण असतं, थोडा गार होऊ द्या आणि ते दाबा. अख्खी मिरी किंवा दालचिनीचा तुकडा मोठ्या भांड्यात फळांबरोबर टाकू नका. ते वाटलं जात नाही, दातात येतं. खलात आधी कुटून घ्या. आणि गाळू नका. गाळलं की चोथा जातो, मग तो नुसता रस झाला. अपवाद पेरूचा. त्याच्या बिया वाटल्या की वाळूसारखं लागतं, तिथे मोठ्या जाळीची गाळणी चालेल. सीताफळाच्या बिया मात्र आधीच एकन् एक काढा, त्या विषारी असतात.

गारपणाचंही प्रमाण असतं. फार थंड पदार्थात गोडी कमी जाणवते आणि आंब्याचा, वेलदोड्याचा वास तर जवळजवळ बंदच होतो. म्हणून बर्फ घालून केलेली स्मूदी फिकी लागते आणि हात मधाच्या बाटलीकडे जातो. बर्फाऐवजी फळंच गार करून घ्या, आणि चव बघितल्यावर गोडाआधी मीठ-लिंबू घालून बघा. चिमूटभर मीठ कडवटपणा दाबतं आणि गोडी वर आणतं. लिंबू नेहमी वाटून झाल्यावर, हातानं ढवळून.

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांतूनच देतो. वरच्या प्रमाणात साखर न घालताही आंब्याची साधारण २१ ग्रॅम, अननसाची १२, केळ्याची ६ आणि दही-नारळाची ५-६, म्हणजे एकूण ४५ ग्रॅमच्या आसपास साखर आहे. तिघांत वाटली तर प्रत्येकी १५ ग्रॅम आणि साधारण १३५ कॅलरी. तुम्ही घातलेल्या दोन चमचे मधानं त्यात आणखी १२ ग्रॅम वाढले असते. मध नैसर्गिक असला तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनात तो साखरेच्याच रांगेत आहे. तिथे मुक्त साखरेची, म्हणजे वरून घातलेल्या आणि मध-रसातल्या साखरेची, मर्यादा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, म्हणजे २००० कॅलरी खाणाऱ्याला दिवसाला ५० ग्रॅम, आणि जमल्यास २५ ग्रॅम सांगितली आहे. ब्रिटनमध्ये वाटलेल्या फळांची साखरही मुक्त साखरेत धरतात आणि तिथली आरोग्यसेवा रस व स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरवर थांबा असं सांगते. वाटल्यानं चोथा नाहीसा होत नाही, पण जे चावून खायला दहा मिनिटं लागली असती ते दोन मिनिटांत पिऊन होतं आणि पोट भरल्याची जाणीव मागून येते. म्हणून मी ही स्मूदी छोट्या पेल्यात, नाश्त्याचा भाग म्हणून देतो. पोहे, वर चहा आणि वर स्मूदी, असं नाही.

वडिलांना हीच द्यायची तर अर्धा पेला, आणि त्या वेळची पोळी किंवा ब्रेड कमी करून. त्यापेक्षा त्यांच्यासाठी वेगळी करा: पिकलेली पपई १५० ग्रॅम, टांगलेलं दही १०० ग्रॅम, भाजलेल्या जवसाची पूड एक चमचा, सुंठ, मिरी, काळं मीठ, लिंबू. पपईत साखर आंब्याच्या जवळपास निम्मी, आणि दही-जवसामुळे ती सावकाश चढते. वर भिजवलेला सब्जा घाला. पण तो वाटू नका, चमच्यानं मिसळा. घरी ग्लुकोमीटर असेल तर पिण्याआधी आणि दोन तासांनी साखर बघा. एकच फळ दोन माणसांना वेगळं वागवतं, आणि ते मोजल्याशिवाय कळत नाही. गोळ्या-इन्सुलिन चालू असेल तर हा बदल त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना ही स्मूदी आपणहून देऊ नका. केळं, आंबा, नारळ आणि शहाळ्याचं पाणी यांत पोटॅशियम भरपूर असतं. आणि करमळ, म्हणजे कमरख, दिसायला चांदणीसारखं आणि हल्ली सजावटीसाठी सगळीकडे वापरलं जाणारं फळ, हे तर अशा रुग्णांना मुळीच नको. त्यातल्या एका द्रव्याचा थेट मेंदूवर परिणाम होतो आणि जिवावर बेतू शकतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कशातूनही देऊ नये, हेही इथेच सांगून ठेवतो. लहान मुलांसाठी मिरी वगळा, वेलदोडा-जायफळ पुरेसं.

आंब्याचा हंगाम संपला की काय, असं विचाराल. पायरीचा गर मे महिन्यातच बर्फाच्या ट्रेमध्ये घालून गोठवा, घट्ट झाल्यावर वड्या डब्यात भरा. केळी सोलून, चकत्या करून ताटात एका थरात गोठवायची, मग पिशवीत, म्हणजे गोळा होत नाही. वीज बराच वेळ गेली आणि सगळं वितळलं तर पुन्हा गोठवू नका, त्याच दिवशी संपवा. पावसाळ्यात बरका फणस, नारळाचं दूध आणि वेलदोडा वापरून बघा. कापा फणस या कामाचा नाही, तो वाटला जात नाही. हिवाळ्यात घोलवडचा चिकू, दही, दालचिनी आणि उगाळलेलं जायफळ. चिकू मुळातच गोडमिट्ट असल्यानं त्यात केळं नको. पेरूला लाल तिखट, काळं मीठ आणि जिरेपूड. ही स्मूदी ज्यांना विचित्र वाटते त्यांनी शाळेबाहेरच्या गाडीवर पेरू कसा खाल्ला होता ते आठवावं.

परदेशात राहणाऱ्यांना ताजा पायरी मिळणं कठीण, पण तिथल्या दुकानांत आंब्याचे गोठवलेले, बिनसाखरेचे तुकडे मिळतात, ते या पाककृतीला छान चालतात. भारतीय दुकानातला डब्यातला रस घेतलात तर घटकांची यादी वाचा, बहुतेकांत साखर आधीच मिसळलेली असते. तशा रसाची केलीत तर केळं वगळा आणि लिंबू थोडं वाढवा.

रोज मसाला तळत बसायला वेळ नसेल तर सुंठ दोन चमचे, भाजलेली बडीशेप एक चमचा, मिरी आणि दालचिनी प्रत्येकी अर्धा चमचा, हळद दोन चमचे अशी पूड बाटलीत करून ठेवा. महिनाभराच्या वर ठेवू नका, वास उतरतो. अननस न घालता स्मूदी करायची असेल, तेव्हा ही पाऊण चमचा पूड दोन चमचे नारळाच्या दुधात घालून मंद आचेवर मिनिटभर गरम करा आणि गार करून मिक्सरमध्ये ओता. वेलदोडा तेवढा त्या दिवशी ताजा सोला. करून झालेली स्मूदी झाकून फ्रीजमध्ये दोन-तीन तास ठीक राहते, खाली बसली तर ढवळून घ्या. त्यापेक्षा जास्त ठेवायची वेळ आली तर कुल्फीच्या साच्यात ओतून गोठवा.